पोरगं गांजात सापडलंय, आता काय करायचं

रात्री साडेअकराला फोन येतो आणि पलीकडनं एकच वाक्य, "अण्णा, पोराला उचलून नेलंय ओ, गांजा सापडला म्हणायलेत." मी वकील नाही, सोलापूरच्या कोर्टात एका वकिलाकडं कारकुनी करतो, बारा वर्षं झाली, त्यामुळं असले फोन मला नवीन नाहीत. आपलं शहर हैदराबाद-पुणे रस्त्यावर आणि मुंबईच्या रेल्वे लाईनीवर, आंध्र-ओडिशाकडचा माल इकडनं पुढं जातो हे पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहितीय, पण आमच्याकडं येतात ते जास्त करून वीस-बावीस वर्षांची पोरं, खिशात पुडी नाहीतर बॅगेत पिशवी. त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. वकिलाला पर्याय म्हणून नाही, वकील उभा राहीपर्यंत आणि उभा राहिल्यावरही त्याच्याकडं काय मागायचं ते कळावं म्हणून.

पहिलं काम म्हणजे पोलीस स्टेशनला जाऊन शांतपणे तीन गोष्टी विचारा: किती वाजता पकडलं, कुठं पकडलं, वजन किती लिहिलंय. भांडू नका. "साहेब, मिटवून टाका" तर अजिबात म्हणू नका, एका केसच्या दोन केसा होतात. पोराला भेटू दिलं तर एवढंच सांगा की नाव-पत्ता खरा सांग, पण माल कुणाचा, कुठनं आणला, किती दिवसांपासून ओढतोस हे वकिलाशी बोलल्याशिवाय सांगायचं नाही. गप्प राहायचा हक्क राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे. कोऱ्या कागदावर सही नाही, न वाचता सही नाही. त्याचा मोबाईल घरी राहिला असेल तर त्यातलं काही डिलीट करत बसू नका, पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो, एका बहिणीनं भावाच्या मायेपोटी हे केलं आणि महिनाभर चकरा मारल्या.

अटक केली असेल तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं आणि अटकेची कारणं लेखी द्यायला पाहिजेत, यावर सुप्रीम कोर्टाचे २०२३ नंतर लागोपाठ निकाल आलेत. कागद दिला नसेल तर वकिलानं पहिल्या रिमांडलाच ते रेकॉर्डवर आणायचं, सहा महिन्यांनी नाही. वकील परवडत नसेल तर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० हा फोनही आहे, फुकट वकील मिळतो. पोरगं १८ च्या आतलं असेल तर लगेच जन्मदाखला नाहीतर शाळेचा दाखला घेऊन पळा, त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं.

आता मेन मुद्दा, वजन. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, आणि त्यात गांजाची शिक्षा वजनावरच फिरते. १ किलोच्या आत असेल तर अल्प प्रमाण, जास्तीत जास्त १ वर्ष सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ किलो ते २० किलो म्हणजे मधलं, तिथं शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड १ लाखापर्यंत. २० किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि दंडाची सुरुवातच १ लाखापासून. चरस असेल तर हेच आकडे एकदम खाली येतात, १०० ग्रॅम आणि १ किलो. नुसतं ओढल्याचं कलम २७ लागलं तर ६ महिन्यांपर्यंत किंवा दंड.

म्हणून पंचनामा हातात आला की मी आधी वजनाची ओळ शोधतो. मागं एका पॉवरलूमवाल्याच्या पोराचा पंचनामा आला, त्यात लिहिलेलं, "एका खाकी रंगाच्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या प्लॅस्टिक पिशवीत हिरवट रंगाचा उग्र वासाचा पाला, बिया व काड्या, एकूण वजन १ किलो ४० ग्रॅम." बघा आता. पिशवीसकट की पिशवी सोडून? चिकटपट्टी पाच-सहा वेढ्यांची, आत पेपर. नुसत्या वेष्टनाचं वजन ६० ग्रॅम भरलं तर तो पोरगा १० वर्षांच्या कलमातनं १ वर्षाच्या कलमात येतो. आमच्या वकीलसाहेबांनी जामिनाच्या अर्जात पहिलं वाक्यच हे टाकलं, निव्वळ वजन किती ते दाखवा म्हणून. आणि दुसरं त्याच ओळीत आहे, पाला, बिया व काड्या. कायद्यातली गांजाची व्याख्या म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं गांजात धरत नाहीत. शेंडे आहेत की नाहीत, वेगळं करून मोजलं की सगळं एकत्र, माल ओला होता की वाळलेला, हे प्रश्न उलटतपासणीत विचारायचे असतात पण त्याची तयारी पंचनाम्याच्या दिवसापासून. तूर नाहीतर उसाच्या मधी झाडं लावल्याच्या केसेस येतात त्यात तर मुळासकट, मातीसकट वजन केलेलं मी बघितलंय. (भांग एनडीपीएसमध्ये येत नाही हे खरं, पण आपल्याकडं दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांगही येते, त्यामुळं "भांग होती ओ" म्हणून सुटका नाही.)

माल मॅजिस्ट्रेटसमोर मोजून, सॅम्पल काढून, सर्टिफाय करायचा असतो, कलम ५२अ. छाप्याच्या जागेवरचं वजन, मॅजिस्ट्रेटपुढचं वजन, मुद्देमाल रजिस्टरची नोंद आणि सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टात लॅबनं लिहिलेलं सॅम्पलचं वजन आणि सीलचं वर्णन, हे चार कागद शेजारी शेजारी ठेवा आणि तारखा वाचा. सॅम्पल लॅबला किती दिवसांनी गेलं, तोपर्यंत कुणाच्या ताब्यात होतं? अर्ध्या केसेसचं सार इथंच असतं.

झडतीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर लई अर्धवट ज्ञान फिरतं म्हणून स्पष्ट सांगतो. कलम ५० सांगतं की अंगझडतीच्या आधी माणसाला सांगायला पाहिजे, तुला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटपुढं झडती द्यायचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१० ला विजयसिंह जडेजा केसमध्ये हे काटेकोर पाळायला सांगितलंय. पण हे फक्त अंगझडतीला, म्हणजे खिसा, कमर, कपडे. बॅग, गाडीची डिकी, पोतं याला लागत नाही. माल सॅकमध्ये सापडला असताना कलम ५० वर सगळी भिस्त ठेवणारा वकील दिसला तर जरा विचार करा. घरात छापा असेल तर कलम ४२ बघायचं, मिळालेली खबर लिहून काढली का, ७२ तासांत वरिष्ठांना पाठवली का, सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घुसले तर कारणं नोंदवली का. रस्त्यावर, स्टँडवर, स्टेशनवर पकडलं तर ४२ नाही, ४३ लागतं. बाईची झडती बाईनंच घ्यायची.

"५२अ पाळलं नाही म्हणजे केस संपली" असं कुणी सांगत असेल तर तेही जुनं झालं, जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की तेवढ्यावर आपोआप सुटका होत नाही, बाकीचा पुरावा बघणार. तसंच "ज्यानं पकडलं त्यानंच तपास केला म्हणून निर्दोष" हे २०२० पासून चालत नाही. उलट एक गोष्ट २०२० ला आपल्या बाजूनं झाली, तोफानसिंग निकाल, कलम ६७ खाली अधिकाऱ्यानं घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळं दुसऱ्या आरोपीनं "माल याच्याकडनं घेतला" एवढं म्हटलंय आणि तुमच्या पोराकडं काहीच सापडलं नाही तर तो मुद्दा जोरात लावून धरा.

ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नाही, माहिती असणंही लागतं. चौघं एका खोलीत राहतात आणि कॉटखाली पिशवी सापडली, मित्राची गाडी चालवायला घेतली, रेल्वेत वरच्या बर्थवर बेवारस बॅग, अशा वेळी हाच बचाव असतो. पण मेख अशी आहे की या कायद्यात कलम ३५ आणि ५४ मुळं कोर्ट आरोपीला माहिती होतं असं धरून चालतं, सरकारनं ताबा दाखवला की माहिती नव्हतं हे आपण दाखवायचं. मग पुरावा लागतो, भाडेकरार, खोलीची किल्ली कुणाकडं, गाडीचं आरसी, तिकीट. हॉटेलचं, टपरीचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, पंचनाम्यात ९ वाजता लिहिलंय आणि पोराला ६ वाजताच उचललं असेल तर फुटेज आणि मोबाईलचं सीडीआर (कॉलची नोंद), लोकेशन जपून ठेवायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. घरच्यांनी तारीख-वेळ घालून वहीत लिहून काढावं, दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी कुणाला काही आठवत नाही. खोटी गोष्ट मात्र रचू नका, एका चुलत्यानं "पोरगं त्या दिवशी अक्कलकोटला दर्शनाला गेलेलं" सांगितलं आणि लोकेशन निघालं इथल्याच सोलापुरातल्या सात रस्त्याचं.

जामीन. रिमांडला पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात, मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आणि एमसीआर झाला की अर्ज टाकतात. अल्प प्रमाणाला जामीन सहसा अडत नाही, पण मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०२० ला सगळे एनडीपीएस गुन्हे अजामीनपात्र धरलेत, त्यामुळं पोलीस स्टेशनातनंच सुटेल या भ्रमात राहू नका. नोटीस देऊन सोडलं तर प्रत्येक तारखेला हजर राहा. मधल्या प्रमाणात कलम ३७ ची जाचक अट लागत नाही हे वकिलाला ठासून सांगायला सांगा, ती अट व्यावसायिक प्रमाणाला आणि ठरावीक कलमांना आहे, तिथं कोर्टाला हा दोषी नाही असं प्रथमदर्शनी वाटावं लागतं. चार्जशीटच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, व्यावसायिकला १८० दिवस, बाकीच्यांत ६० दिवस, ते पूर्ण होऊनही चार्जशीट नाही आली तर दुसऱ्याच दिवशी डिफॉल्ट बेलचा, म्हणजे चार्जशीट वेळेत न आल्यामुळं मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज. एक दिवस उशीर आणि मधी चार्जशीट आली तर हक्क गेला. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला तर आता मुंबईला पळायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं.

कोर्टाच्या आवारात कुणीतरी हमखास सांगणार, "गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपव." १०० ग्रॅमच्या केसमध्ये हे मोहात पाडतं कारण चकरा वाचतात. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, पोलीस भरती, पासपोर्ट, कंपनीचं व्हेरिफिकेशन सगळीकडं ती निघते, आणि पुढच्या वेळी शिक्षा वाढते. घाईनं हो म्हणू नका. पोराला खरंच व्यसन असेल तर दुसरी वाट आहे, कलम ६४अ, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले तर अल्प प्रमाणात खटल्यातनं सूट मिळू शकते. ही मागणी लवकर करायची, आणि मग उपचार अर्धवट सोडायचे नाहीत, सोडले तर सूट जाते.

शेवटी जामीनदार. ऑर्डर झाली म्हणजे पोरगं घरी आलं असं नाही. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची चालू पावती, आधार, रेशनकार्ड, फोटो, सगळं आधीच फाईलला लावून ठेवा आणि जमल्यास शुक्रवारच्या आधी काम उरका. त्या पॉवरलूमवाल्याच्या पोराचा जामीन शुक्रवारी दुपारी झाला, काका जामीन राहायला तयार, उत्साहानं घरपट्टीची पावती घेऊन आले, आणि बघतो तर पावती वारलेल्या आजोबांच्या नावावर. दुसरा जामीनदार सोमवारी मिळाला.