तलावातील तरंगत्या जेट्टीसाठी फ्लोट कसे निवडावेत

तरंगत्या जेट्टीच्या फ्लोटचे, म्हणजे तिला पाण्यावर उचलून धरणाऱ्या तरंगकांचे, साहित्य ठरवण्याआधी वजनाचा हिशेब मांडावा. गोड्या पाण्यात एक लिटर पाणी बाजूला सारणारा फ्लोट साधारण एक किलो भार पेलतो आणि त्यातून फ्लोटचे स्वतःचे वजन वजा होते. तीन मीटर रुंद व सहा मीटर लांब जेट्टीचा सांगाडा आणि फळ्या मिळून १,०८० किलो भरल्या, आणि माणसे व सामान यांसाठी दर चौरस मीटरला १०० किलो धरले, तर एकूण भार २,८८० किलो होतो. तिच्याखाली एकूण ९ चौरस मीटर तळाचे, ४० सेंटिमीटर उंचीचे आणि २०० किलो वजनाचे फ्लोट बसवले, तर रिकाम्या जेट्टीचे फ्लोट सुमारे १४ सेंटिमीटर आणि पूर्ण भरलेल्या जेट्टीचे सुमारे ३४ सेंटिमीटर बुडतील. उरलेले सहा सेंटिमीटर वाया गेले असे समजू नये. लाकूड भिजून जड होते, गर्दी एका कडेला जमते, आणि तेव्हा हीच राखीव क्षमता कामी येते.

स्वस्त म्हणून जुनी पिंपे वापरण्याचा मोह होतो. लोखंडी पिंप गंजते, त्यात उरलेले तेल वा रसायन पाण्यात मिसळू शकते, आणि बूच सैल झालेले प्लास्टिकचे पिंप भरत असल्याचे जेट्टी कलेपर्यंत लक्षात येत नाही.

उघडे थर्माकोल उचलते भरपूर, पण माझ्या मते ते तलावात घालूच नये. त्याचे दाणे सुटून काठभर पसरतात, पाणउंदरांसारखे प्राणी ते कुरतडतात, सांडलेल्या पेट्रोलने ते विरघळते, आणि दाण्यांमधल्या फटींत हळूहळू पाणी मुरून त्याची उचल घटते. थर्माकोल हवेच असेल तर ते जाड पॉलिथिलीनच्या अखंड कवचात बंद असलेले घ्यावे. कवचाला तडा गेला तरी आतला गाभा जागा व्यापून राहतो, त्यामुळे फ्लोट एकदम बुडत नाही; पोकळ फ्लोटला ही सोय नसते. मात्र खरेदी करताना कवचाची जाडी विचारावी (सुमारे चार मिलिमीटर असल्यास उत्तम), ऊन सोसणारे घटक प्लास्टिकमध्ये मिसळलेले आहेत का ते पाहावे, आणि गाभा कवचाला घट्ट भिडलेला आहे की आत नुसता सैल ठोकळा टाकला आहे, याची खात्री करून घ्यावी, कारण सैल ठोकळ्याभोवतीच्या पोकळीत पाणी शिरले की तेवढी उचल गेलीच.

ॲल्युमिनियमची पाँटून, म्हणजे धातूचे बंद पोकळ फ्लोट, टिकाऊ असतात, पण महाग पडतात. ती घेतल्यास आत वेगवेगळे बंद कप्पे असावेत, म्हणजे एक गळला तरी बाकीचे तरतील.

फ्लोट शक्यतो बाहेरच्या कडांजवळ लावावेत, कारण मधोमध लावल्यास उचल तेवढीच मिळूनही जेट्टी डोलते. पाणी ओसरल्यावर जेट्टी खडकाळ तळावर टेकणार असेल तर कवच आणखी जाड घ्यावे. तलाव गोठत असेल तर उभ्या बाजूंपेक्षा खाली निमुळते होत जाणारे फ्लोट बरे, कारण बर्फ दाबू लागला की ते वर सरकतात. बोल्ट मात्र कवचाला भोके पाडून बसवू नयेत. फ्लोटच्या काठाला त्यासाठी असलेल्या पट्टीतूनच मोठे वॉशर लावून ते आवळावेत.