तांब्याचं नाणं, आमसूल आणि ॲसिटोन

जुनं तांब्याचं नाणं सापडलं की आमच्या वेंगुर्ल्यात कुणीतरी लगेच आमसूल भिजत घालतं. घंगाळाला ते ठीक. नाण्याला आमसूल, चिंच, लिंबू काही लावू नका. आंबटाने तपकिरी थर जातो, खाली गुलाबी तांबं उघडं पडतं. शिवराईवरचं ‘श्री राजा शिव’ मुळातच पुसट असलं तर घासून उरलंसुरलंही जातं. असं लखलखीत नाणं जाणकार उलटून बघतो आणि खाली ठेवतो.

आपल्याला काढायचा तो फक्त वरून बसलेला मळ. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर तेल आणि काजळी असते, पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या पाकिटातल्या नाण्यावर चिकट हिरवट लेप. दोन्हींवर ॲसिटोन, म्हणजे तेल-चिकटा विरघळवणारं आणि चटकन उडून जाणारं द्रावण, चालतं. शुद्ध घ्या, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल, सुगंध असतो, तो नाण्यावरच बसतो.

जागा बाहेरची, वाऱ्याची. ॲसिटोन चटकन पेटतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते. म्हणजे समई, चूल, विडी यांतलं काही आसपास नको. मुलंही नकोत.

काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं ॲसिटोन ओता, वर काचेचं झाकण ठेवा. मळ सैल झाला की माडाच्या हिराने अलगद ढकला, खरवडू नका. मग दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये खळबळून काढा, नाहीतर विरघळलेलं तेल सुकताना पुन्हा नाण्यावरच पसरतं. नाणं कडेनेच धरायचं. घासायचं अजिबात नाही, सुती कापडानेही नाही.

आता खास आपल्याकडची गोष्ट. ॲसिटोन उडताना नाणं गार पडतं आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं. म्हणून हे काम पौष-माघातल्या कोरड्या दुपारी करावं, पावसाळ्यात नकोच. नंतर नाणं थोडा वेळ उन्हात ठेवा.

फिकट हिरवी भुकटी पुसूनही परत येत असेल तर तो मळ नव्हे. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने आतून धरलेला गंज आहे. ॲसिटोन तिथे निरुपयोगी. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

वापरलेलं ॲसिटोन मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. थोडंच असेल तर उघड्यावर उडू द्या. स्वच्छ नाणी पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. मृग लागण्याआधी पुडी बदला.