अमेरिकेतील स्थलांतराची स्मारके: पाहावीत कशी, वाचावीत कशी

स्थलांतराविषयीचा एखादा फलक समोर आला, की आपण मोठ्या अक्षरांतले शीर्षक वाचतो, छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. त्याऐवजी वाचनाला तळाच्या ओळीपासून सुरुवात करावी. तेथे बहुधा फलक उभारणाऱ्या संस्थेचे नाव आणि उभारणीचे साल दिलेले असते. घटना आणि फलक यांच्या सालांमधले अंतर पुष्कळदा मुख्य मजकुरापेक्षा अधिक बोलके ठरते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचेच पाहा. पुतळ्याचे अनावरण १८८६ मध्ये झाले; मात्र चौथऱ्याच्या निधीसाठी एमा लॅझरस यांनी १८८३ मध्ये लिहिलेली, परागंदा लोकांचे स्वागत करणारी कविता चौथऱ्याच्या आत ब्राँझच्या फलकावर लागली ती १९०३ मध्ये, कवयित्रीच्या निधनानंतर सोळा वर्षांनी.

तेथून त्याच तिकिटावर फेरीबोटीने एलिस बेटावर जाता येते. तिकीट मात्र अधिकृत कंपनीकडूनच घ्यावे, फेरीबोट जेथून सुटते त्या बॅटरी पार्कच्या रस्त्यावर गाठणाऱ्या विक्रेत्यांच्या नादी लागू नये. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे एक कोटी वीस लाख लोक या केंद्रातून देशात आले. नोंदणीच्या भव्य दालनात उभे राहून केवळ छताकडे पाहू नये. जिन्याने वर येणाऱ्यांना डॉक्टर निरखत असत आणि ज्याच्याविषयी शंका येई त्याच्या कोटावर खडूने अक्षर लिहीत, हे ध्यानात ठेवून त्या जागेत फिरावे.

मात्र एलिस बेट पाहून परतणाऱ्याला अर्धीच कथा कळते, असे माझे मत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात, मुख्यतः चिनी लोकांचा प्रवेश रोखणाऱ्या १८८२ च्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी, आलेल्यांना काही दिवस, तर कधी कित्येक महिने अडकवून ठेवले जाई. तेथील बराकींच्या लाकडी भिंतींवर बंदिवानांनी चिनी भाषेत कविता कोरल्या. त्या पुटीने बुजवून वर रंग दिला गेला होता, त्यामुळे समोरून पाहिल्यास अक्षरे सहसा हाती लागत नाहीत. थोडे बाजूला सरकून तिरप्या प्रकाशात पाहावे. धक्क्यापासून केंद्रापर्यंत बरेच चालावे लागते, आणि केंद्र रोज उघडे नसते, तेव्हा वार आधी पाहून घ्यावेत.

देशांतर्गत स्थलांतराची स्मारके वेगळी शोधावी लागतात. सुमारे १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. शिकागोतील त्यांच्या स्मारकात दोरीने बांधलेली पेटी घेतलेल्या माणसाचा पोशाख झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा केलेला आहे. ते तळवे दिसावेत इतक्या जवळ जावे.

भारतीय वाचकाने वायव्येकडचा प्रवासही आखावा. ओरेगनमधील अस्टोरिया येथे १९१३ मध्ये लाकूड गिरण्यांतील कामगारांच्या साथीने ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीची स्थापना झाली; तेथे फलक लागला तो शताब्दीला, २०१३ मध्ये. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅममध्ये जमावाने १९०७ साली भारतीय गिरणी कामगारांना हुसकावून लावले. तेथील दगडी कमान २०१८ मध्ये उभी राहिली, आणि ती १८८५ मध्ये घालवलेल्या चिन्यांची व १९४२ मध्ये सक्तीने हलवलेल्या जपानी वंशीयांचीही आठवण आहे.