सणाच्या बाजारात हस्तकलेचा स्टॉल लावताना

मुंबईत हाताने केलेल्या वस्तू विकण्याची संधी वर्षभर कुठे ना कुठे मिळत असते. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड या भागांत दिवाळीआधी ग्राहक पेठा भरतात, नवरात्रात सोसायट्यांच्या आवारात टेबले मांडली जातात, १९९९ पासून फोर्टमध्ये भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात कारागिरांचे स्टॉल असतात आणि बचतगटांसाठी महालक्ष्मी सरससारखे मोठे प्रदर्शन असते. यांपैकी कुठे जायचे हे ठरवताना बहुतेक जण आधी भाडे विचारतात. त्याआधी प्रदर्शनाची तारीख पाहावी, असे माझे मत आहे. दिवाळीची पेठ वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी असेल तर कंदील, तोरणे आणि रंगवलेल्या पणत्या खपतात. तीच पेठ महिनाभर आधी असेल तर लोक वस्तू हातात घेऊन पाहतात, कौतुक करतात आणि ‘दिवाळीला अजून अवकाश आहे’ म्हणून पुढे जातात.

या धंद्यातला खरा तोटा न विकल्या गेलेल्या मालात असतो, त्यातही ज्या मालावर सणाची तारीख लागलेली असते त्यात. धनत्रयोदशीला न गेलेला कागदी कंदील पुढच्या वर्षीपर्यंत माळ्यावर जागा अडवतो आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत त्याचा कागद लोंबायला लागतो. म्हणून सगळा माल आधीच पूर्ण तयार करून ठेवू नये. धारावीच्या कुंभारवाड्यातून साध्या पणत्या आणून ठेवाव्यात, पण निम्म्याच रंगवाव्यात. कोणता रंग उचलला जातो हे पहिल्या संध्याकाळी कळले की उरलेल्या पणत्या त्याच रात्री रंगवता येतात. तोरणाचे मधले पट्टे आणि बाजूचे गोंडे वेगळे ठेवावेत. चाळीतल्या जुन्या दाराची आणि नव्या टॉवरमधल्या मुख्य दाराची रुंदी सारखी नसते, त्यामुळे तीन फुटांचे आणि साडेतीन फुटांचे तोरण समोरच जोडून देता आले, तर ‘आमच्या दाराला बसणार नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही. स्टॉलवर मोजपट्टी टांगलेली असावी आणि येताना दाराचे माप घेऊन यावे, असे परिचितांना पाठवायच्या निरोपातच लिहावे. लग्नात, बारशाला किंवा वास्तुशांतीला चालणाऱ्या वस्तू मालात निदान निम्म्या असल्या, तर सण उलटल्यावरही त्या पडून राहत नाहीत.

किंमत ठरवताना आपल्या मेहनतीचे पैसे धरायला आपण, विशेषतः घरून काम करणाऱ्या बायका, लाजतो. उदाहरणादाखल एका तोरणाचा हिशेब मांडू. भुलेश्वरहून आणलेले मणी, कापड, गोंडे आणि दोरा मिळून ११० रुपये. दोन तासांचे काम, तासाला ७५ प्रमाणे १५० रुपये. स्टॉलचे तीन दिवसांचे भाडे ६,००० आणि टेम्पो, चहापाणी, पिशव्या यांचे १,५०० धरले आणि ६० वस्तू विकल्या जातील असे मानले, तर प्रत्येक वस्तूवर १२५ रुपये येतात. म्हणजे तोरण ३८५ रुपयांना पडले. ते ३५० ला देऊन टाकले तर दर तोरणामागे ३५ रुपये पदरचे जातात. ४५० ला विकले, पण ६० ऐवजी ४० वस्तूच गेल्या, तर तोरणामागे जेमतेम अडीच रुपये सुटतात. म्हणून भाडे भरण्यापूर्वी, किती वस्तू विकल्या तर भाडे निघेल, हा आकडा कागदावर काढावा आणि तो अवाक्याबाहेरचा वाटला तर एक टेबल दोघींनी वाटून घ्यावे.

आयोजकांना विचारायच्या गोष्टी थोड्याच, पण लेखी घ्याव्यात: टेबलाची लांबी, प्लगची जागा, रात्री माल तिथेच ठेवला तर राखण कोणाची, डिपॉझिट परत कधी मिळणार, आणि शेजारी तशाच वस्तूंचा दुसरा स्टॉल आहे का. शेवटचा प्रश्न अनेकांना विचारायला संकोच वाटतो. तो जरूर विचारावा.

मांडणीत सगळा माल एकदम पसरू नये. तोरणे डोळ्यांच्या उंचीवर टांगावीत, छोट्या वस्तू पुढे ठेवाव्यात, किंमत प्रत्येक वस्तूवर लिहावी. भाव विचारायला लाजणारे गिऱ्हाईक बरेच असते. हॉलमधल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हळदी-कुंकवाचे रंग फिके दिसतात, म्हणून पिवळ्या प्रकाशाचा एक दिवा आणि लांब वायरचा बोर्ड घरून न्यावा. मैदानातला स्टॉल असेल तर परतीच्या पावसासाठी ताडपत्री हवीच. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, दंडही होतो. कागदी पिशव्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातून घाऊक आणाव्यात.

यूपीआयचा क्यूआर कोड दोन ठिकाणी लावावा, पण गर्दीत नेटवर्क अडकते, म्हणून दहा-वीसच्या नोटांचे सुट्टे भवानीच्या आधीच मोजून ठेवावेत. घासाघीस होणारच. एका वस्तूचा भाव पाडण्याऐवजी तीन घेतल्यास पणत्यांची जोडी द्यावी. त्यात तोटा कमी होतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकासमोर आपला भाव टिकतो. ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, रंग, माप आणि देण्याची तारीख वहीत लिहून त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवावा. हाताने किती वस्तू होतील हे वहीतल्या मागच्या नोंदी पाहून सांगावे, आणि वसुबारसेनंतर दिवाळीची नवी ऑर्डर घेऊच नये.