दोन मीटर, दोन आकडे: लाउडनेस मोजताना या चुका टाळा

गाणं एकच, पण एका मीटरवर −३, दुसऱ्यावर −१४, तिसऱ्यावर −१७, आणि लगेच प्रश्न येतो, "यातलं खरं कुठलं?" अहो, तिन्ही खरी असू शकतात. पीक मीटर सगळ्यात उंच टोक दाखवतं, आरएमएस सरासरी ताकद, आणि एलयूएफएस कानाला किती मोठं वाटेल त्याचा अंदाज. त्यामुळे आकडा वाचायच्या आधी मीटरचं नाव वाचा, एवढं तरी करा.

मोनो आणि स्टिरिओची गल्लत. ही चूक बघून बघून मी खरंच वैतागलोय. एका मित्राने मुलाखतीचा पॉडकास्ट एडिट केला, आवाज मोनो, मीटरवर −१९ एलयूएफएस. टार्गेट −१६ आहे असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून पठ्ठ्याने लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरची टोकं दाबणारं साधन) लावून सरळ ३ डीबी वर ढकललं. झालं काय, की सुरुवातीचं स्टिरिओ म्युझिक −१६ लाच होतं आणि पाहुणा बोलायला लागला की अंगावर आल्यासारखा, वर लिमिटरने प्रत्येक शब्दाची सुरुवात चेपलेली. कारण साधं आहे: एलयूएफएसमध्ये चॅनेलची ताकद बेरजेने धरतात, म्हणून मोनो फाइल एका चॅनेलवर मोजली की −१९ येते आणि तीच दोन्ही चॅनेलवर जशीच्या तशी ठेवली की −१६. ऐकणाऱ्याकडे ती दोन्ही स्पीकरमधूनच वाजते, म्हणजे त्याची फाइल आधीच बरोबर होती! लिमिटर काढला, मूळ टेक परत घेतला, काम संपलं. पण दोन मिनिटं थांबून चॅनेल किती आहेत हे बघायचं सोडून थेट लिमिटरला हात घालायचा, ही घाई मला अजिबात पटत नाही.

आरएमएसमधला ३ डीबीचा फरक. काही मीटर फुल स्केल (म्हणजे डिजिटलमध्ये जास्तीत जास्त उंच) साइन वेव्हला ० दाखवतात, काही −३. दोन्ही पद्धती चालतात, सेटिंगमध्ये एईएस१७ (० दाखवणारी पद्धत) चालू आहे का बघा.

व्हीयूवर पीक शोधणं. व्हीयू म्हणजे सरासरी दाखवणारं काट्याचं मीटर; त्याचा काटा वर यायला साधारण ३०० मिलिसेकंद घेतो, किक ड्रमचा ठोका तोवर येऊन गेलेला असतो.

ट्रू पीककडे दुर्लक्ष. साध्या पीक मीटरवर −०.१ असलं तरी दोन सॅम्पलच्या मध्ये वेव्ह ० च्या वर जाऊ शकते (ट्रू पीक मीटर तेच पकडतं), आणि एमपीथ्री केल्यावर तर अजूनच. मी ट्रू पीक −१ ठेवतो आणि त्यावर वाद घालत नाही.

कोरस वाजवून इंटिग्रेटेड वाचणं. एलयूएफएस मीटरवर तीन आकडे असतात: मोमेंटरी ४०० मिलिसेकंदांचं, शॉर्ट टर्म ३ सेकंदांचं, इंटिग्रेटेड मात्र तुम्ही स्टार्ट दाबल्यापासूनचं सगळं. गाण्याचा सगळ्यात दणदणीत तुकडा लूपवर टाकून आकडा बघायचा आणि तोच पूर्ण गाण्याचा समजायचा, हा शॉर्टकट लोक का मारतात कळत नाही. गाणं चार मिनिटांचं असेल तर चार मिनिटं ऐका किंवा ऑफलाइन ॲनालिसिस करा. आणि आधी रीसेट मारा, नाहीतर मागच्या मिक्सचे आकडे त्यातच मिसळलेले असतात. शिवाय इंटिग्रेटेडमध्ये गेट असतं: −७० एलयूएफएसच्या खालचं मोजतच नाहीत, आणि उरलेल्याच्या सरासरीपेक्षा १० एलयूने (१ एलयू म्हणजे १ डीबीएवढा फरक) हळू आवाजाचं असलेलंही वगळतात. म्हणून लांब शांतता असलेल्या फाइलला आरएमएस खाली ओढला जातो, एलयूएफएस फारसा हलत नाही. जुन्या मीटरमध्ये गेटच नसतं, तिथे आकडा जुळणार नाहीच.

नवीन सेटअपवर मी आधी १००० हर्ट्झचा टोन −१८ पीकवर, दोन्ही चॅनेलवर वाजवतो. पीक −१८, एलयूएफएस −१८, आरएमएस पद्धतीप्रमाणे −१८ किंवा −२१. एलयूएफएस −२१ आला तर टोन एकाच चॅनेलवर जातोय नाहीतर पॅन लॉने (मधोमध ठेवलेला आवाज आपोआप कमी करणाऱ्या सेटिंगने) दोन्हीकडे ३ डीबी कापलेत. पीक मीटर बघा, तिथेही दोन्ही बाजूंना −२१ असेल तर पॅन लॉच.