व्हिक्टोरियन दागिन्यातलं प्रेम वाचायचं कसं

व्हिक्टोरियन, म्हणजे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातला ब्रोच (कपड्याला लावायचा पिनेचा दागिना) हातात आला की मी आधी तो पालथा करते. मागे काचेखाली विणलेले केस दिसले, की पुष्कळजण लगेच ‘दुखवट्याचा दागिना’ म्हणून मोकळे होतात. थांबा. हयात माणसांचे केसही तेव्हा प्रेमाने दिले-घेतले जात. काळा मिना, मृत्यूची तारीख, ‘इन मेमरी ऑफ’ (‘च्या स्मरणार्थ’) यांतलं काही असेल तर दुखवटा म्हणा. १८६१ साली नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला आणि राणी व्हिक्टोरियाने उरलेलं आयुष्य काळ्या कपड्यांत काढलं. त्या काळात इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या काळ्या जेटला (दगडासारख्या झालेल्या प्राचीन लाकडाला) चांगले दिवस आले.

आता पुढची बाजू. रंगीबेरंगी खडे ओळीत असतील तर त्यांची इंग्रजी नावं क्रमाने म्हणा. रूबी, एमराल्ड, गार्नेट, अमेथिस्ट, रूबी, डायमंड: इंग्रजी आद्याक्षरं जोडा, ‘रिगार्ड’ (आदर, जिव्हाळा) होतं. ‘डिअरेस्ट’ (सर्वांत प्रिय) असंच, फक्त सात खड्यांचं. इथे भिंग लागतंच. एखादा खडा निखळला, पुढच्या कुणीतरी नुसता रंग जुळवून दुसरा बसवला, की शब्द बिघडतो. लाल खड्यांशी विशेष घोळ होतो, कारण रूबी आणि गार्नेट चटकन वेगळे कळत नाहीत. कोंदणाच्या कडा बघा. पाच खड्यांभोवती त्या झिजून गुळगुळीत असतील आणि सहाव्याभोवती धारदार, चकचकीत, तर तो खडा नंतरचा. विकणारा पूर्ण शब्दाची किंमत सांगत असेल तर मी तिथेच घासाघीस सुरू करते.

साप बघून दचकू नका. अल्बर्टने १८३९ मध्ये दिलेली वाङ्निश्चयाची अंगठीही सापाचीच होती, डोक्यात पाचू बसवलेली. साप म्हणजे अखंड प्रेम. आयव्हीची पानं म्हणजे निष्ठा, पिरोजाची निळी फुलं म्हणजे ‘विसरू नकोस’. चंद्रकोरीत फूल असेल तर तो मधुचंद्राचा ब्रोच, बहुधा शतकाच्या अखेरचा. ‘मिझपा’ कोरलेलं असेल तर ताटातूट झालेल्यांसाठी. बायबलमधल्या वचनाचा तो शब्द आहे: आपण एकमेकांपासून दूर असू तेव्हा देव आपल्या दोघांवर लक्ष ठेवो. (मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो वाकड्या टोकाचा बदाम, ‘विच हार्ट’, पण नकलाही त्याच्या भरपूर.)

काळ ठरवायला पिन उपयोगी. इंग्रजी ‘सी’सारखा साधा आकडा आणि ब्रोचच्या कडेबाहेर डोकावणारी लांब पिन हे जुनेपणाचं लक्षण. कुलूपवाला आकडा दिसला तर तो नंतर बदललेला आहे का, डाग देऊन जोडल्याच्या खुणा शोधा. १५ कॅरट सोन्याचा शिक्का मिळाला तर उत्तम: हा दर्जा इंग्लंडमध्ये १८५४ ते १९३२ एवढाच चालला. शिक्क्यात जहाजाचा नांगर असेल तर सोन्याची पारख बर्मिंगहॅम शहरात झालेली.

आणि साफ करताना दागिना पाण्यात बुडवू नका. बंद कोंदणात खड्यामागे चमकीचा पत्रा असतो, तो काळा पडतो. पिरोजाला तेल, अत्तर, साबण काहीच लावू नये. कोरडा मऊ ब्रश, बस्स.