जुन्या कारची वॉरंटी : डीलर हात वर करतो तेव्हा काय करावं

"टेन्शन नका घेऊ भाऊ, गाडी मक्खन आहे." एवढ्यावर मी नागपुरातल्या एका डीलरकडून सेकंडहँड कार घेतली. महिना डिसेंबर. आता नागपुरात डिसेंबरात एसी कोण लावून बघतो? एप्रिलात लावला, तर तोंडावर गरम हवा. डीलर म्हणाला, "एसी वॉरंटीत नाही येत, बाप्पा." कागद काढून पाहिला, तर त्यात एसी खरंच नव्हता.

म्हणून सुरुवात कागदापासून करा.

१. वॉरंटी नेमकी कोणाची, ते शोधा

गाडी बनवणाऱ्या कंपनीची उरलेली वॉरंटी, डीलरची स्वतःची आणि डीलरने तिसऱ्याच कंपनीकडून घेऊन दिलेली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विकताना तिन्हींना 'एक वर्ष वॉरंटी' म्हणतात. कंपनीची असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर द्या. मुदत किती उरली आणि सर्व्हिस वेळेवर झाल्या का, ते कळतं. एक्स्टेंडेड (पैसे भरून वाढवलेली) वॉरंटी आपल्या नावावर करायला बहुतेक वेळा अर्ज लागतो.

डीलरच्या वॉरंटीत बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग येतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, रबरी भाग बाहेर. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फुकट. ऑइल-फिल्टरचे पैसे आपलेच. तोंडी जे जे सांगितलं, ते व्हॉट्सअॅपवर विचारून घ्या: "एसी, क्लच ठीक आहे ना?" उत्तर आलं की जपून ठेवा.

२. पहिल्या पंधरा दिवसांत गाडी पिळून काढा

एसी दुपारी दोनला, गाडी उन्हात उभी करून तपासा. क्लच सीताबर्डीच्या गर्दीत कळतो, इंजिनाची ताकद सदर भागातल्या उड्डाणपुलाच्या चढावर. नंतर ओळखीच्या मिस्त्रीकडून स्कॅनर (बिघाड दाखवणारं यंत्र) लावून घ्या.

आणखी एक गोष्ट नागपूरकरांनी विसरू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाचा डाग आहे का बघा. कार्पेट उचलून वास घ्या. सीटखालचे बोल्ट गंजले असतील तर विमा कंपनीकडे जुन्या क्लेमची चौकशी करा.

याच दिवसांत डीलरला आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) तुमच्या नावावर करायची आठवण द्या. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विमा नावावर करायला नव्या मालकाने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि इकडे डीलर "आरटीओत काम चालू आहे" म्हणत राहतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तेव्हा प्रीमियम वाढला तर दचकू नका.

३. वर्कशॉपमध्ये जॉब कार्डाशिवाय किल्ली देऊ नका

सगळी लढाई इथे जिंकली किंवा हरली जाते. "सोडून जा, बघून घेतो" म्हटलं की थांबा. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप भरतं त्या कागदावर, तारीख, किलोमीटर आणि तक्रार तुमच्या शब्दांत हवी. 'जनरल चेकअप' नको. 'सकाळी थंड इंजिनवर दुसऱ्या गिअरला खरखर' हवं. तेच दुखणं परत आलं तर नवं कार्ड बनवा आणि त्यावर 'हीच तक्रार आधीही' असं लिहायला लावा. अशी तीन कार्डं तीन तासांच्या भांडणापेक्षा जड असतात. बदललेला जुना भाग मागून घ्या. "हे नॉर्मल आहे" म्हणाले तर तेही लिहून मागा. तिथे बहुतेकांचा आवाज खाली येतो.

डीलरला संधी देण्याआधी बाहेर इंजिन उघडू नका. "तुम्हीच छेडछाड केली" हे उत्तर तयारच असतं. रस्त्यात बंदच पडली, तर फोटो, बिल आणि काढलेला भाग जपून ठेवा.

४. मग लेखी तक्रार

आधी ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र: काय बिघडलं, कोणत्या तारखांना नेली, काय हवं आणि पंधरा दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ वेळा प्रकरण इथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि गाडीला ५ लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर फी लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे गाडी पुण्याहून आणली असली तरी तक्रार नागपुरातच. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

पण स्वतःशी खरं बोला. आठ वर्षांच्या गाडीचा क्लच झिजणं हा दोष नव्हे. मीटर मागे फिरवलं, अपघात किंवा पूर लपवला, वॉरंटीत लिहिलेलं काम नाकारलं, तिथे तुमची बाजू पक्की.

माझ्या वॉरंटीत एसी नव्हता, पण विक्रेत्याचा एक व्हॉट्सअॅप मेसेज होता: "एसी एकदम चिल्ड आहे सर." पत्राला त्याची प्रिंट जोडली. दहाव्या दिवशी फोन आला, कॉम्प्रेसरचा अर्धा खर्च त्यांनी दिला. अर्धा मी भरला.